चार बोटं पुढची गाठ

पोरांनो, हातात एक सुतळी आहे असं समजा. घरात खरीच सापडली तर आणखी चांगलं. तिचं एक टोक मानेच्या मागे, जिथे हाड हाताला लागतं, तिथे धरायला कुणाला तरी सांगा. बाकीची सुतळी पाठीवरून खाली सोडा. गुडघ्याच्या मागे पाय जिथे दुमडतो, तिथे एक गाठ मारा. हे झालं तुमच्या कपड्याच्या उंचीचं माप. आता ती सुतळी कुणाच्या तरी खिशात द्या, आणि त्या माणसाला सहा महिन्यांसाठी दूर गावी पाठवा.

सहा महिन्यांनी तो माणूस परत आला. त्या गाठीबरहुकूम घेतलेला नवाकोरा कपडा त्याने तुमच्या हातात ठेवला. तुम्ही तो अंगात घातला. काय झालं असेल?

उत्तर लगेच देऊ नका. आधी दिपाचं ऐका.

आखाडा बाळापूरपासून पायी तासाभराच्या वाटेवर एक तांडा होता. चाळीस-पन्नास घरं, एक विहीर, आणि चौथीपर्यंतची एका खोलीची शाळा. दिपा तिथेच राहायची. तिच्याहून धाकटी सुनिता, आणि सगळ्यांत लहान रणजीत. तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि वडलांना बा. दिपाच्या बाचं नाव गुलाबसिंग, याडीचं मिराबाई. दसरा झाला की तांड्यावर ट्रक यायचा. मोठी माणसं भांडीकुंडी, पांघरुणं, कोयते घेऊन त्यात चढायची आणि ऊस तोडायला लांब कारखान्याच्या मुलखात जायची, ती पाडव्याच्या सुमारास परत यायची. तोवर तीन लेकरं दादीजवळ, म्हणजे बाच्या आईजवळ राहायची. दादीचं नाव जमनाबाई.

निघायच्या दिवशी सकाळी गुलाबसिंग लेकरांना ओळीने उभं करायचा आणि सुतळीने मापायचा. तीन लेकरं, तीन सुतळ्या. ओळखू याव्यात म्हणून दिपाच्या सुतळीला लाल दोरा, सुनिताच्या सुतळीला हिरवा, रणजीतची तशीच. प्रत्येकीला दोन गाठी, वरची खांद्याची आणि खालची उंचीची. नवे कपडे वर्षातून एकदाच. कारखाना बंद झाला की तिथल्या बाजारातून गुलाबसिंग सुतळ्या लावून लावून ते घ्यायचा. मोठा काटेकोर माणूस. दुकानदाराने एक बोट मोठा कपडा दाखवला तरी म्हणायचा, "न्हाई, बराबर गाठीवर पाहिजे."

आणि दरवर्षी दिपाचा कपडा आखूड यायचा.

सातव्या वर्षी फ्रॉक काखेत काचला. आठव्या वर्षी पाठीचे बंद बांधता आले नाहीत. नवव्या वर्षी तर हात वर करून तिने फ्रॉक डोक्यातून घेतला आणि तो खांद्यावर असा अडकला, की वरही जाईना आणि खालीही येईना. आत अंधार, दोन्ही हात आभाळाकडे, आणि बाहेर सगळे हसतायत. रणजीत तर तिच्याभोवती नाचत होता.

"बुजगावणं, बुजगावणं!"

"सुतळी बराबर होती," गुलाबसिंग फ्रॉक ओढून काढत म्हणाला. "ह्या पोरगीलाच घाई होऊन राहिली."

तो फ्रॉक सुनिताला गेला. सुनिताला तो ढगळ व्हायचा, पण ढगळ चालतो. दिपाने वर्षभर जुनाच घातला.

बा आला की काम झालेल्या सुतळ्या अंगणात टाकून द्यायचा. दिपा लाल दोऱ्याची सुतळी उचलून ठेवायची.

"काहून उचलतीस?" सुनिता विचारायची.

"माझी हाय म्हणून."

आता तुम्ही म्हणाल, आखूड तर आखूड. थोडा काचेल, थोडा उसवेल, जाईल वर्ष निघून. त्यात एवढं काय? तर सांगतो. तांड्यावर जमनाबाईच्या वयाच्या बायका फेटिया घालायच्या. फेटिया म्हणजे आरशांचा, रंगीत तुकड्यांचा, भारी घेराचा घागरा. कमरेला नाडी. नाडी आवळली की सडपातळ बाईला होतो, सैल केली की जाडीला होतो. तरण्या बायका साड्या नेसायला लागल्या होत्या, पण जमनाबाईच्या घरात रीत जुनीच होती. मुलीचे गुडघे फ्रॉकच्या बाहेर दिसायला लागले, की मुलगी मोठी झाली. मोठ्या मुलीने फेटिया घालायचा. आणि फेटिया घातलेली मुलगी दप्तर घेऊन बाळापूरला जात नाही, ती याडीबरोबर ट्रकमध्ये चढते, उसाच्या मोळ्या बांधते, भाकरी करते.

शेजारच्या पुनमचं तसंच झालं होतं. ती दिपाहून दोनच वर्षांनी मोठी. चौथीत तिचा पहिला नंबर आला होता. त्या वर्षी तिचा फ्रॉक आखूड आला, आणि दसऱ्याला ती ट्रकमध्ये चढली. पाडव्याला उतरली तेव्हा उसाच्या पात्यांनी तिच्या हातांवर इतक्या रेघा मारल्या होत्या, की दिपाला आधी वाटलं, हिने हातावर काही लिहिलंय.

"पोरगी मोठी झाली," तांड्यावर सगळे म्हणाले. कपडा लहान आला होता, हे कुणीच म्हणालं नाही.

दिपा म्हणाली. पण तेव्हा ती एकटीच गोठ्यात शेण भरत होती, आणि ऐकायला म्हैस होती.

दोन हजार एकचा दसरा जवळ आला. दिपा चौथीत होती. जूनमध्ये पाचवीला बाळापूरच्या शाळेत जायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. तिथे गणवेश लागायचा, पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट; या पाडव्याचे नवे कपडे म्हणजे तोच. तांड्यावरच्या शाळेत निर्मलाबाई शिकवायच्या. त्या हिंगोलीहून एसटीने यायच्या आणि फाट्यापासून चालत.

त्यांनी एकदा मापनाचा धडा घेतला. शाळेची खोली, पाटी, खिडकी, सगळं पोरांकडून मोजून घेतलं. शेवटी शाळेमागच्या पपईच्या रोपापाशी नेलं.

"किती उंच आहे?"

"अकरा वीत," पोरं ओरडली.

"लिहून ठेवा. आणि आजची तारीखही लिहा."

"तारीख काहून, बाई?" दिपाने विचारलं. "खिडकीला तर न्हाई लिहिली."

"खिडकी वाढते का?" निर्मलाबाई म्हणाल्या. "जे वाढतं त्याचं माप त्या दिवसापुरतंच खरं असतं."

दिपा घरी आली. दप्तराच्या तळातून तिने तीन सुतळ्या काढल्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. तिन्ही टोकं एका रेषेत लावली. पहिल्या सुतळीच्या खालच्या गाठीपासून दुसऱ्या सुतळीची दोन बोटं पुढे होती. दुसरीपासून तिसरी तीन बोटं पुढे. हे एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंतचं. मग ती विचार करत बसली. तुम्हीही करा. बा माप घेतो दसऱ्याला. कपडा येतो पाडव्याला, म्हणजे सहा महिने तिथेच गेले. आणि तो घालायचा पुढच्या पाडव्यापर्यंत, म्हणजे आणखी बारा महिने. दसऱ्याची गाठ दीड वर्ष पुरली पाहिजे. वर्षाला तीन बोटं, तर दीड वर्षाला किती?

साडेचार आलं ना? दिपाचंही तेवढंच आलं. अर्धं बोट तिने बाला सोडून दिलं.

अर्थात मागच्या दसऱ्याला तिने दुसरा एक उपाय करून पाहिला होता. बा मापत असताना ती चवड्यांवर उभी राहिली होती. त्याने काहीच फरक पडला नाही. मानेपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर चवड्यांवर उभं राहून वाढत नाही. खोटं वाटलं तर करून बघा. म्हणून या वेळी तिने लबाडी करायची नाही, सरळ तोंडाने मागायचं, असं ठरवलं.

निघायचा दिवस उजाडला. ट्रक विहिरीजवळ येऊन थांबला होता आणि माणसं सामान चढवत होती. गुलाबसिंगने आधी रणजीतला मापलं, मग सुनिताला. मग लाल दोऱ्याची नवी सुतळी घेतली. दिपा पाठ करून नीट उभी राहिली, टाचा जमिनीला टेकवून.

"बा, गाठ चार बोटं पुढं मार."

"गुडघा इथं हाय."

"आज इथं हाय. पाडव्याला इथं नसंल."

"मग कुठं जाईल? हिंगोलीला?"

मिराबाई पांघरुणांचं बोचकं बांधता बांधता हसली. दिपा हसली नाही. तिने दप्तरातून तीन जुन्या सुतळ्या काढल्या आणि ओट्यावर पसरल्या.

"तूच मारलेल्या गाठी हायेत. बघ. ही दोन बोटं पुढं गेली, ही तीन. सुतळी खोटी नसते म्हणतोस ना?"

गुलाबसिंग उकिडवा बसला. एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर बोट फिरवत राहिला. काटेकोर माणूस होता तो, आणि काटेकोर माणसाला आपणच मारलेली गाठ नाकारता येत नाही.

"बराबर हाय," तो हळूच म्हणाला, आणि सुतळी थोडी खाली सरकवली.

"गुलाब्या," दारातून आवाज आला. "गाठ लेकराच्या पुढं न्यायची न्हाई."

जमनाबाई दारात उभी होती. गुलाबसिंगचा हात थांबला.

"याडी, दोन बोटांनी काय होणार हाय?"

"चार," दिपा म्हणाली.

"रूपसिंगच्या वक्ताला बी मी असंच म्हणले होते," जमनाबाई म्हणाली.

रूपसिंग म्हणजे गुलाबसिंगचा थोरला भाऊ. दिपाने त्याचं नाव ऐकलं होतं, पण गोष्ट कुणी सांगितली नव्हती. जमनाबाईने ती तिथेच, दाराच्या चौकटीला धरून सांगितली. रूपसिंग चार वर्षांचा होता. तिने त्याला सदरा शिवला, दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा शिवला. बाह्या हाताच्या पुढे लोंबायच्या. तो घालून तो तांडाभर हिंडला, आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेला. सदरा अजून पेटीत होता.

"लेकरू जेवढं हाय तेवढंच मापावं," ती म्हणाली. "पुढचं मागितलं की नजर लागते. ह्या घरात तवापासून कुणाची गाठ पुढं गेली न्हाई."

गुलाबसिंगने मान खाली घातली आणि सुतळी होती तिथे, गुडघ्यावर परत आणली.

दिपाला वाईट वाटलं. न पाहिलेल्या त्या काकासाठी वाटलं, दादीसाठी वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून तिचा गुडघा वाढायचा थांबणार नव्हता.

"दादी," ती म्हणाली, "गाठ मागं ठेवली तर मला काय होईल, ते मला म्हाईत हाय. शर्टाची बटनं लागणार न्हाईत. स्कर्ट गुडघ्याच्या वर जाईल. मग तू पेटीतून फेटिया काढशील."

"काढीन. चांगला हाय. दोन वर्षं बसून शिवलाय तुझ्यासाठी. त्याला माप लागत न्हाई, गाठ लागत न्हाई."

"म्हणूनच मला नको," दिपा म्हणाली. "ज्याची वाढ झाली त्याला माप लागत न्हाई. मी अजून वाढून राहिले."

"तोंड बघा पोरीचं," जमनाबाई म्हणाली. "ह्याच्यासाठी पाठवतो का शाळंत?"

"मोठ्या माणसाला असं बोलत्यात का?" गुलाबसिंग म्हणाला. आवाज चढवायचा म्हणून त्याने चढवला, पण फार चढला नाही.

मिराबाईने बोचक्याची गाठ आवळली. मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "पुनमचे हात बघितले का तुमी?"

"त्याचं इथं काय?"

"काही न्हाई. विचारलं."

ट्रकचा भोंगा वाजला. गुलाबसिंगने झटपट दोन्ही गाठी मारल्या, जशा दरवर्षी मारायचा तशा, एक खांद्यावर, एक गुडघ्यावर. तिन्ही सुतळ्या ओट्यावर ठेवून तो कोयते आणायला आत गेला. जमनाबाईही आत वळली. तिच्यासाठी बोलणं संपलं होतं.

दिपाने लाल दोऱ्याची सुतळी उचलली. दातांनी दोन्ही गाठी सोडवल्या. खालच्या गाठीची मुरड सुतळीवर राहिली होती. तिथून तिने आपली चार बोटं ठेवली आणि पुढे नवी गाठ मारली. खांद्याची गाठ एक बोट सरकवली.

गुलाबसिंग कोयते घेऊन बाहेर आला. त्याने पाहिलं, कोयते खाली ठेवले, आणि सुतळी घेऊन गाठी सोडल्या. पुन्हा जुन्या जागी मारल्या.

"दिपा, दादीचं ऐक. जाताना घरात कलागत नको."

"मी कलागत करून न्हाई राहिले. माप देऊन राहिले."

तो बोचकं उचलून ट्रककडे गेला. परत आला तोवर गाठी पुन्हा पुढे गेल्या होत्या. त्याने पुन्हा सोडल्या. सुनिता आणि रणजीत ओट्यावर बसून हा खेळ बघत होते. रणजीत मोजत होता, त्याला नुकतेच आकडे यायला लागले होते.

"दोन येळा दिपा, दोन येळा बा," त्याने सांगितलं.

तिसऱ्या वेळी दिपा सुतळी घेऊन रांजणापाशी गेली. सुतळी पाण्यात बुडवली, चांगली भिजू दिली. चार बोटं मोजून गाठ मारली. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं दातांत, आणि मान मागे टाकून ओढलं. मग खांद्याची गाठही तशीच ओढली. ओल्या सुतळीची आवळलेली गाठ कशी बसते, हे ज्याने कधी मोळी बांधली आहे त्याला विचारा. त्या दिवशी गुलाबसिंगने नखं लावून पाहिली, दात लावून पाहिले. गाठ हलली नाही.

"आता कापावी लागंल," तो म्हणाला. त्याने कोयता उचलला खरा, पण तो सुतळीला लावला नाही. तसाच हातात धरून राहिला.

"कापलीस तर माप बी जाईल," दिपा म्हणाली. "मग काय घिऊन जाशील?"

पुन्हा भोंगा वाजला. या वेळी लांबलचक. जमनाबाई बाहेर आली. तिने मुलाच्या हातातून सुतळी घेतली, डोळ्यांजवळ नेली. गाठीला अंगठ्याचं नख लावलं. गाठ सुटली नाही. तिने दुसऱ्यांदा नख लावलं नाही. ओली गाठ बोटांत नुसती फिरवत राहिली.

"आन् तू एवढी वाढली न्हाईस तर?" तिने विचारलं. आवाज रागाचा नव्हता. खरंच विचारत होती.

"तर खालून दुमडून शिवू," दिपा म्हणाली. "वाढले की उसवू."

जमनाबाई तिच्याकडे पाहत राहिली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. सुतळी मात्र तिच्याच हातात होती, आणि ट्रकवरची माणसं गुलाबसिंगच्या नावाने हाका मारत होती.

दिपाने दादीच्या बोटांतून सुतळी काढून घेतली. बाच्या मनगटाला तिचे वेढे दिले आणि शेवटचं टोक आत खोचलं, म्हणजे बाजारात खिसा चाचपायलाही नको. मग ओट्यावरच्या तीन जुन्या सुतळ्या गोळा केल्या आणि दादीच्या रिकाम्या हातात ठेवल्या.

"ह्या पेटीत ठेव, काकाच्या सदऱ्याजवळ," ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला चौथी घिऊन मोजू."

शाळेची घंटा वाजत होती. दिपाने दप्तर खांद्याला लावलं, उसवलेल्या फ्रॉकची काख एका हाताने धरली, आणि ट्रकच्या पुढून, रस्त्याच्या मधोमध चालत शाळेकडे निघाली. चालकाने भोंगा वाजवला. ती बाजूला झाली नाही.